देव पाण्यात असताना

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईंनी सकाळी देव पाण्यात ठेवले.

पुरणाचं पितळी पातेलं काढलं. चिंचेनं घासलं. मग खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, अन्नपूर्णा, गणपती, बाळकृष्ण — एकेक करून बुडवले. बाळकृष्ण हलका, तो कलंडला. त्याला बोटानं सरळ केला. लहान मूल टबात बसवावं तसा. मग देवांना म्हणाल्या, "माझा पोरगा दारात उभा ऱ्हाईपर्यंत हितनं उठायचं न्हाई." आवाज मी अकरावीच्या वर्गात लावते तसा.

देव्हाऱ्यात पाच रिकाम्या जागा. कडांना जुनं कुंकू.

शनिवारी दुपारी अंबरनाथला कंपनीत रिॲक्टर फुटला. सुयोग सेकंड शिफ्टला होता. जखमींच्या यादीत तो नाही. मृतांच्या यादीत नाही. हवालदार म्हणाला, "सध्या मिसिंगमध्ये टाकलंय." टाकलंय!

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा सगळी हॉस्पिटलं — अंबरनाथ, उल्हासनगर, कळवा. भाजलेल्यांचा चेहरा झाकलेला असतो. पाय बघा म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, सुयोगचे पाय मी कधी नीट बघितलेच नव्हते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पोलीस स्टेशन. ज्यांची ओळख पटत नाही त्यांचे 'अवशेष' लॅबला गेलेत. हा शब्द हवालदारानं कागदात बघून म्हटला. मी वर्गात तो किल्ल्यांसाठी वापरते.

डीएनएसाठी रक्त लागतं. मी बाही वर करायला लागले.

"तुमचं नाही चालत मॅडम. मुलगा, मुलगी?"

"नाही."

"वडील?"

"वारले."

"भाऊ-बहीण?"

"एकटाच."

"मग आईचं लागेल. तुम्ही काय, बाहेरच्या ना." मग त्याच्या लक्षात आलं. "रक्तानं म्हणतोय मी."

बाही खाली केली.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडणं थांबलं नाही.

"न्हाई."

"आई, नुसतं रक्त द्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटाचं कसं? देवाला सांगितलंय ना, पोरगा आन म्हणून? मग डॉक्टरला सांगायचं, त्यातला माझा कोन त्ये शोध? एका खिडकीत अर्ज दिल्यावर दुसऱ्या खिडकीला उभं ऱ्हायचं नसतं, किर्ती. पयल्या खिडकीतला बघतो. फाईल खाली टाकतो."

मी म्हटलं, देव म्हणजे पंचायत समिती नाही.

"न्हाई ना? मग त्याला घाई कशाला करतीस?"

बोलणं संपलं. चिडून लिहिते आहे. त्या चौथी शिकल्या आणि मी एम.ए. आईंना मुलगा हवा आहे. मला कळायला हवं आहे, बस. यात फरक आहे हे आज कळलं. कोणाला सांगणार?

१६ फेब्रुवारी, रविवार

हिंदुरावमामा आले — आईंचे धाकटे भाऊ, कराडहून. जेवण झालं. मग म्हणाले, भटजींशी बोललोय. माणूस सापडत नसेल तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात. शास्त्रात आहे. "मोकळा करू त्याला, अक्का. असा लटकवून नगं ठेवू."

आई उठून उभ्या राहिल्या. "तुला कडंवर घेऊन मी नदीवर जायची रं, हिंदुराव. तू माझं पोरगं गवताचं करायला आलास व्हय? आग लावायचीच असंल तर तुझ्या वैरनीला लाव, जा."

मामा गॅलरीत जाऊन रडले. मोठ्यानं, खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं. मग आत येऊन म्हणाले, "च्या टाक गं पोरी." आईंनीच टाकला. साखर जास्त घातली — त्यांना तसा लागतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजात गेले. बारावीचं सुपरव्हिजन. पोरं मान खाली घालून लिहीत होती. तेवढा वेळ कोणी माझ्याकडे कीव करून बघितलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीच्या गेटवर गेले. सुयोगची बाईक तिथेच, स्टँडला, जिथे त्यानं लावली तिथे. तिला काही झालेलं नाही! शेजारच्या भिंतीला तडे आणि आरसा शाबूत. सीटवर पिवळसर भुकटी. बोट फिरवलं, वास घेतला. हाच वास. त्याचे कपडे मी वेगळे भिजवायची. तो दारातून ओरडायचा — "लांब हो, गंधकाचं लग्न लागलंय माझं!" त्या रिॲक्टरला तो म्हातारी म्हणायचा. म्हातारी आज कुरकुरतेय. म्हातारीला ताप आलाय. दोन महिने सांगत होता, वरच्यांना लिहून दिलंय, व्हॉल्व्ह बदला. मी जेवण वाढता वाढता हं म्हणायची.

वॉचमन म्हणाला, भाभी, गाडी घेऊन जा, इथे भंगारवाले फिरतात. डुप्लिकेट चावी होती माझ्याकडे. घरी फोन लावला. आई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यो काय चालत येनार हाय का?"

बाईक तिथेच ठेवून आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टाफरूममध्ये सोनियाला सांगितलं — ती हिंदी शिकवते, उल्हासनगर कॅम्प तीनची, सिंधी. देव पाण्यात म्हणजे काय, हेच तिला कळेना. समजावलं. काम होईपर्यंत देवाला पाण्यात बसवून ठेवायचं. म्हणजे त्यालाही त्रास, त्यालाही निकड.

"भगवान को टॉर्चर करते हो तुम लोग?" मग म्हणाली, "हमारा तो भगवान ही पानी का है. झूलेलाल. त्याला कुठे ठेवणार आम्ही? सुक्यात?"

मी हसले. त्या शनिवारनंतर पहिल्यांदा. दोघी हसलो, शिपाई दारातून बघून गेला. मग तोंड धुवायला उठले आणि बेसिनचा नळ मोठा सोडला.

निघताना सोनिया म्हणाली, तिच्या सासूनं माझ्या नावानं मंदिरात पल्लव पसरला. आपण पदर म्हणतो तो. माझ्यासाठी पदर पसरणारी ती बाई मी बघितलेलीही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

समोरच्या बनूबाई आल्या होत्या. बेलवलीतल्या जुन्या, त्यांची शेतं होती तिथे आता आमच्या बिल्डिंगी आहेत. आई आंघोळीला गेल्यावर त्यांना विचारलं — काम झालं नाही तर देव केव्हा काढायचे?

म्हणजे मी आधीही विचारलंय. फोनवर, कॉलेजात. सगळे तेच सांगतात. आजीनं ठेवले होते, मामा शुद्धीवर आला. काकूनं ठेवले, मुलीचं लग्न जमलं. न झालेल्या कामाची गोष्ट कोणाकडेच नाही.

बनूबाई म्हणाल्या, "पोराला कावील झालती तवा ठेवलंवतं मी पान्यान. उतरली कावील."

"आणि दुसऱ्या कशाला ठेवले होते का कधी?"

त्यांनी पदरानं ओठ पुसले. "दादल्याच्या येलंला पन ठेवलंवतं."

"मग?"

"मंग काय गो? लोकांनी द्येव भायेर कारलं. कोनी कारलं त्ये पन मना म्हाईत नाय. मी भितीला टेकून बसलेली."

आईंनी बाथरूमची कडी काढली. बनूबाई लगेच मोठ्यानं वालाच्या शेंगांचा भाव सांगायला लागल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आईंच्या हाताला कापरं आहे, म्हणून पाणी आज मी बदललं. हिरवट झालं होतं. पितळ सुटतंय की देव, कोण जाणे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज केलं.

आईंना म्हटलं, साखर तपासायची आहे, उपाशीपोटी, मोठ्या हॉस्पिटलात नीट होते. त्यांनी लुगड्याची घडी मोडली, निघाल्या. रिक्षानं उल्हासनगर, कॅम्प तीन. हवालदाराला आधीच सांगून ठेवलं होतं, साध्या कपड्यांत या, काही बोलू नका. तो आला — पोलिसाचे बूट तेवढे विसरला होता.

डॉक्टरनं नाव विचारलं. "विठा." पूर्ण सांगा. सांगितलं. एका कागदावर फोटो चिकटवला होता, मी पर्समधून आणलेला. आईंनी विचारलं, "साखरंला फोटू?" मी म्हटलं, सरकारी आहे, सगळ्याला लागतो. सही कुठे करू म्हणाल्या. चष्मा घरी राहिला म्हणाल्या. मी बोट ठेवलं तिथे सही केली. 'वि' काढायला त्यांना वेळ लागतो.

हात पुढे केला. सुई जाताना बघत होत्या, मी बघितलं नाही.

परत येताना रिक्षावाल्यानं जीन्सच्या गल्लीतून घातली. दोन्हीकडे निळ्या पाण्याची गटारं, कापडाचे ढीग. आई म्हणाल्या, भूक लागलीय. हातगाडीवर इडली खाल्ली. चटणी चांगली आहे म्हणाल्या. मी एका म्हाताऱ्या बाईला फसवून तिचं रक्त घेतलं आणि तिला इडली खाऊ घातली. हे काही मी विसरणार नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. रिपोर्ट किती दिवसांनी, ते विचारायला अंबरनाथला गेले. विसरलेच होते! साहेब बंदोबस्ताला, हवालदार बंदोबस्ताला, सगळं स्टेशन जत्रेत. एकच लेडी कॉन्स्टेबल, ती उपासाचे वेफर्स खात होती. उद्या या.

रिक्षा नव्हत्या. चालत निघाले आणि गर्दीनं मला रांगेत घातलं. बाहेर पडता आलं असतं. नाही पडले. शिवमंदिराचा गाभारा खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. दगड ओला, दुधाचा वास. माझ्यापुढची बाई देवाला बजावत होती, "यंदा एवढं कर. पुढच्या वर्षी बघ मी येते की नाही." विमा एजंटशी बोलावं तसं.

माझा नंबर आला. जिवंत असू दे, असं म्हणायचं होतं. तोंडातून आलं नाही. आलं ते हे — त्यातलं काहीतरी त्याचं असू दे.

बाहेर आले. आईंचं आणि माझं, दोन्ही मागणी आता त्याच्याकडे पोचलीत. एक पुरं झालं की दुसरं मोडणार.

घरी आईंनी विचारलं, "दर्शन झालं?" कपाळाला भस्म होतं. "काय मागितलंस?"

"तुम्ही मागितलं तेच," म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मेथी निवडत होतो, दोघी. टीव्ही चालू. आई टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "चष्मा पिशवीतच हुता माझ्या."

मी काडी हातात धरून बसले.

"साखर तू घरी बोटातनं बघतीस. येवढी वर्सं. तितं त्यानं दंडाला पट्टा बांधून नळ्या भरल्या. आन त्यो मागं उभा, बूट घालून. मला काय कळत न्हाई?"

"आई, मी —"

"ऐक. मी दिल्यालं न्हाई. तू घेतलंस. देवाम्होरं ह्ये असंच ऱ्हाऊ दे. उद्या त्यानं इचारलं, इश्वास कुनाचा उडाला, तर मी तुझं नाव सांगनार."

"सांगा."

"सांगनारच. सोडती का?"

आणि मेथीची दुसरी जुडी माझ्याकडे सरकवली.

त्या चालत आल्या होत्या तिथपर्यंत. हात त्यांनी पुढे केला होता. दुसऱ्या खिडकीला त्यांनी मला उभं केलं — स्वतः जागच्या हलल्या नाहीत. मी फसवलं असं तीन दिवस वाटत होतं मला!

४ मार्च, मंगळवार

काही नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले. एकानं निबंधात लिहिलंय, 'माझे बाबा मला रोज शाळेत सोडतात', आणि पुढे सगळं खोडलंय. वाचता येत नाही इतकं.

संध्याकाळी पाणी आईंनी बदललं. हात कापत होता तरी. बाळकृष्णाला म्हणाल्या, "बस. आमी न्हाई का बसलो?"

६ मार्च, गुरुवार

संध्याकाळी सात वाजता फोन. गॅलरीत घेतला.

"जुळलं मॅडम."

मी म्हटलं, काय?

"सॅम्पल. आईंचं. एक नंबरच्या बॅगेशी." मागे कोणीतरी चहाची ऑर्डर देत होतं. "उद्या लेटर निघेल. बॉडी सोमवारी मिळेल." मग थांबला. "म्हणजे जे आहे ते."

फोन बंद केला. गॅलरीतला नळ सोडला, तुळशीला पाणी घातलं. घातलेलं होतं सकाळी, तरी घातलं. कुंडीतून खाली वाहिलं. खालची बाई ओरडली.

देवानं माझं ऐकलं. आईंचं नाही.

आत गेले. आई मालिका बघत होत्या. "कुनाचा हुता?"

"कॉलेजातला. गठ्ठे कधी देणार विचारत होते."

माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. मी भात लावला.

७ मार्च, शुक्रवार

सांगितलं नाही. सोमवारी सांगेन. हिंदुरावमामांना रविवारी बोलावलंय, ते असतील. तोपर्यंत आईंचा मुलगा राहू दे. एवढं मला देता येतं. हे खोटं मी आनंदानं बोलते आहे — आनंदानं हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सापडत नाही.

सकाळी आईंनी गॅलरीतून हाक मारली, "बनूबाई, वाईच येता का? देवांचं पानी बदला आमच्या. माझी कंबर धरलीय."

मी तिथेच उभी होते. मला सांगितलं नाही. रक्ताचा राग अजून असणार. असू दे.

बनूबाईंनी पाणी बदललं. दिवाही लावून गेल्या. दाराशी माझ्या पाठीवरून हात फिरवला, बोलल्या नाहीत काही. एरवी बोलल्याशिवाय जात नाहीत.

सुयोग, मी आज बाजारातून तुझ्या आवडीची कर्टुली आणायला निघाले होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कर्टुली मिळत नाहीत हे भाजीवाल्यानं सांगितलं तेव्हा आठवलं.

या वहीत त्याला पहिल्यांदा हाक मारली. पुन्हा नको.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. कॉलेजात प्रत्येकीला गुलाब आणि प्राचार्यांचं भाषण. सोनियानं तिचाही मला दिला. तिला खरं सांगितलंय, एकटीला. तिनं माझा डबा धुतला.

घरी दोन्ही गुलाब आईंपुढे धरले. म्हटलं, देवांना वाहा.

हात मागे घेतला त्यांनी. "ठेव तितं. बनूबाई आली की टाकंल."

थकल्यात. काल रात्री पलंगावर झोपल्या नाहीत, चटई टाकली खाली. गादी रुतते म्हणाल्या. आज भाजीला फोडणी नको म्हणाल्या, तेलानं जळजळतं. नुसता भात आणि वरण. मीही तेच खाल्लं. दोघी समोरासमोर बसून. मला एक-दोनदा वाटलं आत्ताच सांगावं. त्या खाली बघून जेवत होत्या, शांत. इतक्या दिवसांत इतक्या शांत दिसल्या नाहीत. मोडवेना.

९ मार्च, रविवार

मामांची गाडी दुपारी पोचेल. बनूबाई आज आल्या नाहीत, नातीला बरं नाही. पाणी कालचंच होतं, वर गुलाबाच्या पाकळ्या कुजायला लागलेल्या. मी बाह्या वर केल्या, पातेलं उचलायला वाकले.

चटईवरून आई म्हणाल्या, "तू हात लावू नगं, पोरी. सुतक हाय आपल्याला."